कोल्हापुरी म्हणून पुण्यात मिळणाऱ्या वस्तू: काय घ्यावं आणि काय बघून घ्यावं

चप्पल, गूळ, चटणी, मिसळ, साज, फेटा, रस्सा. कोल्हापूरचं नाव लावून पुण्यात जे जे विकलं जातं त्याची यादी लांबतच जाते. यातल्या काही वस्तूंच्या मागे ठरलेला माल आणि ठरलेली कृती आहे, तर काहींना नुसत्या तिखटपणामुळे हे नाव चिकटलं आहे. पहिल्या प्रकाराला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही, फक्त माल हातात घेऊन पारखता आला पाहिजे.

चपलेपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं कातडं, हाताने कापलेला तळ आणि चामड्याच्याच वादीने घातलेले टाके, म्हणजे खरी कोल्हापुरी. खिळा कुठेही नाही. तळाला म्हशीचं जाड कातडं, वरच्या पट्ट्याला आणि वेणीला त्याहून पातळ. असं कातडं कमावायलाच काही आठवडे जातात, त्यानंतर कापणं, ठोकणं, शिवणं, वेणी विणणं. तीन-चारशे रुपयांत हे सगळं बसणं शक्य नाही. त्या भावाची जोडी रेक्झिनची किंवा पुठ्ठा भरलेली असते.

लक्ष्मी रस्ता असो, कॅम्प असो की प्रदर्शनातला स्टॉल, जोडी हातात आली की आधी उलटी करा. कडेने वादीचे टाके आरपार गेलेले दिसले पाहिजेत. पुष्कळ जोड्यांत वरून शोभेला दोऱ्याची मशीनशिलाई असते आणि तळ प्रत्यक्षात सोल्युशनने चिकटवलेला असतो. नाकाजवळ नेलं की सोल्युशनचा उग्र वास लपत नाही. मग बाजूने थर बघा. दोन कातड्यांच्या मध्ये राखाडी, कागदासारखा थर दिसला तर तो पुठ्ठा आहे. एकदा भिजला की फुगतो आणि तळ उकलायला लागतो. पट्ट्याची कापलेली कडही नीट बघून घ्या. सालीने कमावलेलं कातडं आत-बाहेर तपकिरीच असतं. क्रोमने कमावलेलं असेल तर आतून बऱ्याचदा निळसर राखाडी झाक दिसते. रेक्झिनच्या मागे कापडाची वीण असते. शंका राहिलीच तर दुकानदाराला विचारून तळावर पाण्याचा एक थेंब टाका. तो हळूहळू मुरून डाग गडद झाला तर कातडं बरं आहे. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर वरून प्लास्टिकचा लेप आहे.

‘ही अथणीची आहे, म्हणजे डुप्लिकेट’ असं काही गिऱ्हाईकं म्हणतात. ते चूक आहे. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून आहे आणि त्यात आठ जिल्हे येतात: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अथणी बेळगाव जिल्ह्यात आहे आणि तिथले कारागीर पिढ्यान् पिढ्या हेच काम करत आले आहेत. उगम कोल्हापूरचा की अथणीचा, यापेक्षा कातडं आणि शिलाई बघा.

मापाच्या बाबतीत पुण्यातले ग्राहक हमखास एक नंबर मोठी जोडी घेतात आणि महिनाभराने ती पायात खेळायला लागते. सालीचं कातडं वापरून सैल होतं, म्हणून पहिल्या दिवशी अंगठा आणि पट्टा घट्टच बसले पाहिजेत. मात्र लांबीला तळ वाढत नाही, त्यामुळे टाच तळाच्या बाहेर येता कामा नये. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा घालून बघणं उत्तम.

नवी जोडी चावते ती अंगठ्याच्या कडीला आणि पट्ट्याच्या आतल्या कडेला. या दोन्ही जागी एरंडेल किंवा खोबरेल बोटाने चोळून रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. दोन-तीन दिवसांनी परत लावा आणि तोवर घरातच थोडा थोडा वेळ वापरा. तळाला मात्र तेल पाजू नका. तो मऊ पडतो आणि टाके सैल होतात. तेलाने रंग गडद होणारच, तो डाग नव्हे.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत ही चप्पल पुण्यात वापरायचीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वादी भिजली की फुगते, वाळताना आकसते, आणि असं चार-पाच वेळा झालं की टाका सुटतो. भिजलीच तर पुसून, खाली रद्दी घालून सावलीत वाळवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली तर कातडं तडकतं. पावसाळ्यात ठेवायला कापडी पिशवी घ्या. प्लास्टिकमध्ये बुरशी येते. गुळगुळीत फरशीवर चामड्याचा तळ घसरतो, म्हणून चांभाराकडून पातळ रबरी तळ लावून घेणं शहाणपणाचं, पण तो शिवून किंवा चिकटवून. खिळे मारले की ते गंजतात आणि त्याभोवतीचं कातडं कुजतं. गिअरची मोटरसायकल चालवणाऱ्यांनी वेणी आणि गोंडा नसलेली, सपाट रुंद पट्ट्याची जोडी घ्यावी, कारण गिअरच्या दांडीवर घासून डाव्या पायाची वेणी लवकर तुटते.

आता गूळ. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाच्या व्यापाराला हक्काचं ठिकाण मिळालं. आजही दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या बाजार समितीत नव्या गुळाचे सौदे निघतात. बाजारात तीस किलोचा रवा, म्हणजे मोठी ढेप, चालतो, घरगुती गिऱ्हाइकासाठी पाच, एक आणि अर्ध्या किलोच्या ढेपा. पुण्यात मार्केट यार्डाच्या भुसार विभागात दर्जा शेजारी शेजारी ठेवून बघता येतो, त्यामुळे मोठी खरेदी असेल तर तिथेच जावं.

रंगावर जाऊ नका. काहिलीत रस उकळताना रानभेंडीचा चिकट रस टाकला की मळी वर येते आणि ती काढून टाकतात. एवढ्याने गूळ स्वच्छ होतो, पण पिवळाधमक होत नाही. तो सोनेरी पिवळा रंग बहुधा हायड्रोस या रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरने आलेला असतो. बाजारात पिवळ्या गुळाला भाव चढा मिळत आला, म्हणून ती टाकली जाते. बिनरसायनाचा गूळ तपकिरी असतो. पण तपकिरी असला म्हणजे चांगलाच, असंही नाही: करपलेला किंवा जुना गूळही काळपट दिसतो. जिभेवर कडवट लागला तर करपलेला, खारट लागला तर ऊस खारवट जमिनीतला किंवा गूळ जुना. फोडल्यावर साखरेसारखे चमकणारे टणक खडे दिसले आणि गोडी नुसतीच तीव्र असून गुळाचा वास नसला, तर रसात साखर मिसळलेली असण्याची शक्यता मोठी. चमचाभर गूळ पाण्यात विरघळवून ग्लास तासभर ठेवा. तळाशी पांढरा चुरा बसला तर ती ढेप घेऊ नका.

दुकानात कशासाठी हवा ते आधी सांगा. तिळाच्या वड्यांना, चिक्कीला चिकट, तार येणारा चिक्कीचा गूळ लागतो, तर पुरणाला आणि रोजच्या वापराला मऊ, रवाळ साधा गूळ. पुरणात चिक्कीचा गूळ पडला की पुरण गार झाल्यावर घट्ट होतं आणि पोळी लाटताना फुटते. वर्षाचा साठा मार्च-एप्रिलमध्ये करावा. पावसाळ्यात हवा लागली की गूळ पाझरतो, म्हणून ढेप कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि गुळाच्या चहाबद्दल एक गोष्ट: गूळ घालून दूध उकळलं की ते फाटू शकतं. गूळ, चहा पावडर आणि आलं पाण्यात उकळून गाळावं आणि गरम दूध गॅस बंद केल्यावर घालावं.

चटणीचं, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याचं, पाकीट घेताना मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मिरचीपाठोपाठ लगेच मीठ असेल तर तुम्ही मिठाचे पैसे मोजताय. कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे, तीळ ही नावं मिठाच्या आधी यायला हवीत. ब्याडगी रंग देते पण तिखट कमी, संकेश्वरी तिखटपणाही देते. दोन्हींचं मिश्रण असलेली चटणी सर्वांत चांगली. घरी करून डंकावर कुटून आणणार असाल तर एक किलो मिरचीला साधारण एक किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो खोबरं आणि पाव किलो धणे धरा. कांदा उन्हात वाळवून तेलात कुरकुरीत तळायचा. त्यात ओल राहिली की पावसाळ्यात चटणीला बुरशी येते, आणि घरची चटणी बिघडण्याचं हेच मुख्य कारण आहे. भाजी करताना गॅस बारीक करून चटणी तेलात परता आणि पाणी गरमच ओता. गार पाण्याने तवंग येत नाही. या चटणीत मसाले आधीच असतात, वर गोडा मसाला घातला की दोन्हींची चव जाते.

मिसळीच्या पाटीवर कोल्हापुरी लिहिलं असेल तर फरसाण मिसळण्याआधी नुसता कट चमच्याने चाखा. कांदा-खोबऱ्याचा दाटपणा आणि लसणाचा वास नसून फक्त तिखट लागत असेल, तर ते लाल तेल आहे. कोल्हापुरात मिसळीबरोबर बऱ्याच ठिकाणी ब्रेडच्या स्लाइस येतात, इथे पाव. त्याने काही बिघडत नाही. व्हेज कोल्हापुरी ही हॉटेलातली भाजी आहे, कोल्हापूरच्या घरात ती शोधू नये. चांगली झाली तर खावी, नावासाठी मागवू नये. पांढरा रस्सा मात्र बघून घ्या. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळला की तो फुटतो आणि वर पाणी, खाली चोथा दिसतो. असा वाडगा परत पाठवायला संकोच करू नका.

साजाबद्दल थोडक्यात. पारंपरिक साजात २१ पानं आणि मध्ये जवमणी असतात. सोन्याचा साज बहुतेकदा आतून पोकळ असून त्यात लाख भरलेली असते, म्हणून तराजूवर दिसतं तेवढं सोनं त्यात नसतं. बिलावर एकूण वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगवेगळं लिहून घ्या, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक बिलाशी ताडून बघा आणि मोडीच्या वेळी लाखेचं वजन कसं धरणार तेही आधीच विचारा. गरम पाण्याने धुऊ नका, लाख मऊ होऊन पानं वाकतात. तुळशीबागेतला मुलाम्याचा साज घेणार असाल तर पानांपेक्षा मागचा दोरा ओढून बघा. तोच आधी तुटतो, आणि पटवेकऱ्याकडून तो नवा गुंफून घेता येतो.