सड्यावरच्या आमरीसाठी मॅक्रो लेन्स घ्यावी, की झूमला क्लोज-अप भिंग लावावे?

पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले की रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस ही पांढरी आमरी (ऑर्किड) फुलायला लागते. त्याच सुमारास ओळखीतले कोणी ना कोणी हमखास विचारते, की हौशी स्पर्धेत फोटो पाठवायचा तर अगदी जवळून मोठे चित्र देणारी खरी मॅक्रो लेन्स घ्यावी, की घरात आहे त्या 70-300 मिमी झूमच्या तोंडावर, जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून, क्लोज-अप भिंग बसवून भागवावे. मी दोन पावसाळे झूम आणि भिंग या जोडीवर काढले आणि त्यानंतरचे तीन 100 मिमीच्या मॅक्रोवर, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार ठाऊक आहेत. मात्र पैसे एकदा खर्च केलेल्या माणसाचे मत पूर्ण तटस्थ असते, असे मी म्हणणार नाही.

मुळात एकास एक मोठेपणाची, म्हणजे सेन्सरवर वस्तूची प्रतिमा तिच्या खऱ्या आकाराएवढी पडण्याची, या आमरीला फारशी गरज पडत नाही. फूल दोन-अडीच सेंटिमीटरचे आणि झाड वीतभरही नाही. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) एकास चार मिळाले तरी साधारण नऊ बाय सहा सेंटिमीटरचा भाग चौकटीत येतो, आणि तेवढे माझा झूम 300 मिमीवर, दीड मीटरवरून, भिंगाशिवायच देतो. एकट्या फुलाने चौकट भरायची असेल, त्याच्या खालच्या पाकळीचे बारीक फाटे दाखवायचे असतील, तरच भिंग लागते. दोन डायॉप्टरचे (भिंगाच्या ताकदीचे एकक) भिंग लावले आणि झूमचा फोकस अनंतावर ठेवला, की भिंगापासून अर्ध्या मीटरवरचे स्पष्ट दिसते आणि 300 मिमीवर 0.6 पट मोठेपण मिळते, जे या फुलाला पुरून उरते. फक्त एका काचेचे स्वस्त भिंग घेऊ नये, कारण पांढऱ्या पाकळ्यांच्या कडांना त्यातून जांभळी-हिरवी किनार दिसते; दोन काचा जोडलेले अ‍ॅक्रोमॅटच घ्यावे. तेही मॅक्रोपेक्षा बरेच स्वस्त पडते.

झूमची खरी श्रीमंती पार्श्वभूमीत आहे. सड्यावर फुलामागे काय असते, तर काळपट जांभा, साचलेल्या पाण्याची चकाकती डबकी आणि लांबवर एखादा विजेचा खांब. लांब फोकल लेन्समध्ये मागची अगदी अरुंद पट्टी येते, त्यामुळे कोपर दोन बोटे इकडेतिकडे सरकवले तरी डबके चौकटीबाहेर जाते. मॅक्रोने तेच साधायला अख्खे अंग हलवावे लागते आणि भोवतालची गेंद व दवबिंदू ही इवली झाडे चिरडणार नाहीत ना, हेही बघावे लागते. समान मोठेपणाला आणि समान अ‍ॅपर्चरला स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे किती भाग स्पष्ट येतो ते, दोन्हींत जवळपास सारखीच असते, तेव्हा त्या कारणासाठी कोणतीच बाजू घेण्यात अर्थ नाही. वाऱ्याचेही तेच, समुद्राकडून येणारा वारा लेन्स बघून थांबत नाही, छत्री आडवी धरणारा सोबती मात्र दोन्हींसाठी सारखाच उपयोगी.

उलट बाजूला, या आमरीचे पान जमिनीला चिकटून पसरलेले असते, आणि माझ्या अनुभवात परीक्षकांना फूल आणि पान दोन्ही एका फोटोत असलेले आवडते. त्यासाठी पोटावर पालथे पडावे लागते, आणि दीड मीटरवरून इतक्या खालून बघताना मधले प्रत्येक गवताचे पाते फुलापुढे हिरवट डाग होऊन उभे राहते. पाती उपटणे मला पटत नाही, आणि बहुतेक स्पर्धांच्या नियमांतही ते बसत नाही. मॅक्रोने जवळ जाता येते, त्यामुळे मधे गवतच उरत नाही.

तरीही एवढ्यावरून मी झूम सोडला नसता. सोडला तो वाफेमुळे. जुलैतल्या एका सकाळी देवीहसोळच्या सड्यावर एकाच जागी सात झाडे फुललेली सापडली, पाऊसही नेमका उघडला होता. कॅमेरा तासभर गाडीतल्या एसीत गार झालेला. बाहेर काढल्यावर त्या दमट हवेतच मी भिंग फिरवून बसवले, म्हणजे तीच हवा दोन काचांच्या मधल्या पोकळीत कोंडली. बाहेरची काच मी दर दोन मिनिटांनी पुसत होतो. आतल्या दोन पृष्ठभागांवर धरलेली वाफ पुसायला बोट पोहोचत नव्हते आणि सुकायला वारा पोहोचत नव्हता. भिंग काढू म्हटले तर ओल्या बोटांनी आटा हलेना. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे ठीक वाटले, किंबहुना पांढऱ्या फुलाभोवती छान मऊपणा आल्यासारखे वाटले. घरी संगणकावर उघडले तेव्हा एकूण एक फोटो दुधट होते, आणि पुढच्या रविवारी गेलो तोवर पावसाने फुले झोडपून काढली होती.

मॅक्रोवर वाफ धरत नाही असे नाही. धरते, पण समोरच्या एकाच उघड्या काचेवर, आणि रुमालाने पुसता येते. भिंग घरूनच कोरड्या हवेत बसवून न्यावे, गाडीत एसी लावू नये, असे उपाय मला सुचवले गेले आणि ते चुकीचे नाहीत. पण पार्श्वभूमीसाठी 300 मिमीवरच राहायचे, तर पूर्ण झाड आणि नुसते फूल यांच्यामध्ये दर वेळी भिंग काढावे-घालावे लागते, आणि हे पावसात करताना ती पोकळी पुन्हा भरतेच. ज्यांची बोटे माझ्यापेक्षा कोरडी आणि संयम माझ्यापेक्षा जास्त, त्यांना कदाचित ही अडचण वाटणारही नाही. जे वर्षातून दोनदाच सड्यावर जातात, त्यांनीही एवढ्यासाठी मॅक्रोचा खर्च करावा असे मी आग्रहाने म्हणणार नाही.

भिंग मात्र मी विकलेले नाही. जानेवारीत, हवा कोरडी असताना, डेंड्रोबियम बार्बाट्युलम ही झाडांवर वाढणारी आमरी निष्पर्ण दांड्यांवर फुलते, तेही हात पुरणार नाही अशा फांदीवर. तिथे मॅक्रो घरीच राहते.