जुनी इंजिनं घरीच डीसीसी केली, आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

माझी मॉडेल रेल्वेची जुनी इंजिनं डीसीसीवर (डिजिटल कंट्रोल, रुळावरच्या प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा) आणायचं काम गेल्या ऑक्टोबरात सुरू केलं, आता जून चालू आहे, म्हणजे आठ महिने झाले. त्यामुळे नवीन खेळण्याची हौस फिटलीय नी आता खरं काय ते लिहू शकतो.

माझा मामा तारवटी, तीसेक वर्षं बोटीवर, प्रत्येक ट्रिपला कुठल्यातरी बंदरातून काहीतरी घेऊन यायचा. त्यातून माझ्याकडे आली अथर्न कंपनीच्या ब्लू बॉक्स मालिकेतली दोन अमेरिकन डिझेल इंजिनं आणि हॉर्नबी कंपनीचं एक जुनं वाफेचं टँक इंजिन. (अथर्न 1:87 स्केलचं, हॉर्नबी 1:76, पण रूळ दोघांना तोच 16.5 मिलिमीटरचा, म्हणून शेजारी उभी केली की टँक इंजिन जरा फुगल्यासारखं दिसतं, मला चालतं.) सगळी डीसीवाली, नॉब फिरवायचा नी रुळावर जेवढे व्होल्ट तेवढी गाडी पळणार, नी एकाच रुळावर दोन ठेवली तर दोन्ही एकदम पळणार.

मला हवं होतं एकच. गोव्यात कुळ्याला मालगाडीला पाठून बँकर इंजिनं लागतात नी दूधसागरवरून कॅसलरॉकपर्यंत ढकलत नेतात, चढ 1:37 चा, लहानपणी ते बघायला मी तासन् तास थांबलोय. तसं प्लायच्या चढावर एक इंजिन पुढे नी एक पाठी लावून चालवायचं होतं. डीसीवर हे धड होईचना, पाठचं जास्त जोर लावतं नी मधला हलका डबा वळणावर उडी मारतो.

कंट्रोलरचं मला भारी टेन्शन होतं, पण तो भाग एका रविवारात उरकला. अर्डुइनो मेगा (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), त्यावर मोटर शील्ड (रुळाला करंट देणारा वरचा बोर्ड), डीसीसी-ईएक्स हे फुकट सॉफ्टवेअर, नी फोनवर इंजिन ड्रायव्हर नावाचं ॲप. एकच सांगतो, शील्डला 12 व्होल्टच्या वर सप्लाय देणार असाल तर शील्डवरचा व्हीइनचा ट्रेस (बोर्डवरची तांब्याची बारीक पट्टी) आधी कापा, नाहीतर तेच व्होल्ट खाली अर्डुइनोत जातात.

खरा घाम निघाला इंजिन उघडल्यावर. डीसीसीमध्ये रुळावर कायम पूर्ण व्होल्ट असतात, मोटरला किती द्यायचे ते इंजिनात बसवलेला छोटा सर्किट बोर्ड, म्हणजे डीकोडर, ठरवतो. म्हणजे मोटरची दोन्ही टोकं फक्त डीकोडरलाच जोडलेली पाहिजेत, चासीला नाही नी रुळालाही नाही. आणि जुन्या इंजिनांत नेमकं उलटं असतं. ब्लू बॉक्समध्ये एका रुळाचा करंट चाकांतून सरळ धातूच्या चासीवर येतो, नी मोटरच्या खालच्या ब्रशची (मोटरला करंट पोचवणारा तुकडा) तांब्याची क्लिप त्या चासीला टेकलेली असते, तेच तिचं कनेक्शन. मोटर बाहेर काढली, क्लिपचे खाली आलेले कान कापले, राखाडी वायर तिथे सोल्डर केली, नारिंगी वरच्या क्लिपला, नी मोटरखाली चासीवर कॅप्टॉन टेपचे (इन्सुलेशनची टेप) दोन थर मारले. लाल-काळी रुळाकडून येणार, निळी कॉमन, पांढरी पुढचा दिवा.

मग मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो) टाकून एक टोक ब्रशला, दुसरं चासीला. गप्प. खूश झालो, मोटर दाबून बसवली, बॉडी चढवली, रुळावर ठेवलं. दोन सेकंदांत वास आला, तो वास मी आता झोपेतही ओळखीन. उघडून परत मीटर लावला तर बीईईप. क्लिपचा एक कान नीट कापला गेला नव्हता, मोटर दाबल्यावर त्याच्या टोकाने टेप फाडला होता. तीन हजारांच्या घरातला डीकोडर गेला, चूक शंभर टक्के माझी. बाल्कांवात (घरापुढच्या व्हरांड्यात) बसून चहा पिणारा मामा म्हणाला, "अरे, आमच्या इंजिनरूममध्येसुद्धा एवढा धूर नव्हता."

तेव्हापासून मी बीप तीनदा बघतो: मोटर बाहेर असताना, बसवल्यावर, नी बॉडी चढवून स्क्रू आवळल्यावर. शेवटच्या वेळी ब्रशपर्यंत हात पोचत नाही म्हणून डीकोडरचा प्लग काढून मीटरचं एक टोक सॉकेटच्या नारिंगी, मग राखाडी पिनवर नी दुसरं चासीला लावतो. त्यासाठीच आता थेट सोल्डर न करता आधी 8 पिनचं सॉकेट बसवतो. त्यानंतर एकही डीकोडर गेला नाही.

डीकोडर घ्यायच्या आधी मोटर अडवून करंट मोजा. 12 व्होल्ट देऊन फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचं जड चाक) बोटाने धरायचं, क्षणभरच, नी मीटर 10 अँपच्या रेंजवर. माझं एक 0.9 आलं नी दुसरं 1.4. डीकोडर सलग 1 अँप नी पीक 2 अँपचा आहे, चालतोय, पण 1.4 वालं लांब चढावर तापतं म्हणून त्याला मी पुढे लावत नाही.

पहिल्या दिवसाची गंमत म्हणजे दोन्ही इंजिनांचा ॲड्रेस फॅक्टरीतून 3, विसरलो, नी दोन्ही परत एकदम पळाली, डीसीसारखीच! सीव्ही 1 (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली नंबरवार सेटिंग, 1 ॲड्रेसची) बदलला नी सुटली. सीव्ही वाचताना इंजिन बारीक झटका देतं, ते बिघडलेलं नाही, डीकोडर मोटरला क्षणभर करंट देऊनच उत्तर कळवतो. चाकं मळकी असली तर हे उत्तर पोचत नाही नी फोनवर नुसती एरर.

बँकरचं जमलं, पण लगेच नाही. दोघांचे सीव्ही 3 नी 4 (वेग हळूहळू वाढण्या-उतरण्याचे) शून्यावर आणले, मग सीव्ही 2, 6 नी 5 (सुरुवातीचा, मधला नी कमाल वेग) थोडे थोडे बदलत दोन्ही इंजिनं एका हाताच्या अंतरावर एकामागून एक सोडायची नी अंतर वाढतंय की कमी होतंय बघत बसायचं, दोन संध्याकाळी यात गेल्या. डीकोडरमधला मोटरचा स्पीड सांभाळणारा बॅक इएमएफ दोन्हीकडे चालू असला की चढावर दोघं एकमेकांशी भांडतात, पाठच्याचा बंद केला नी चौदा डबे विनातक्रार वर गेले.

आता गोव्याची बाजू. डीसीवर जो मळ चालून जायचा तो डीसीसीला चालत नाही, अर्धा क्षण करंट तुटला की दिवा मिणमिणतो नी इंजिन अडखळतं. आमच्या हवेत मामाच्या जुन्या स्टीलच्या रुळांना मे महिन्यातच गंज धरतो, ते सरळ काढून टाकले, निकेल सिल्व्हरचे घातले नी आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फडका मारतो. पाऊस लागल्यापासून दोनदा.

टँक इंजिन मात्र अजून केलेलं नाही. मोटर एक्स04, ब्रशच्या स्प्रिंगच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी आहे, दुसरा पाय उघडा, म्हणजे नळी दुसऱ्या पायावरही चढवून वेगळी वायर काढली की झालं, काम सोपं आहे. पण त्याचा गिअर घासलाय, एवढी वाजणारी मोटर स्लो चालवायला मी डीकोडर का घालू? मामाला विचारलं तर म्हणाला, "त्याला हात लावू नको, ते मी चवथीला पोरांसाठी नॉबवर फिरवतो." म्हणून चवथीच्या आठवड्यात अर्डुइनो बाजूला नी जुना नॉब परत जोडायचा, नी त्या वेळी डीकोडरवाली दोन्ही इंजिनं रुळावरून उचलून कपाटात.