कासचा सडा की नान्नजचा माळ?
साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावरून, आल्यापासून भाचा मागं लागलाय, मामा वायतुरा या पाणवनस्पतीचा कंद आणून आपल्या सोलापुरात लावू, म्हटलं बाबा तो फक्त सह्याद्रीतल्या सड्यांवरचा, तिथं जांभा दगड, वर जेमतेम बोटभर आम्लधर्मी माती, पावसात खळग्यात पाणी साठतं आणि त्यातच तो दोन फाट्यांचा गुलाबी तुरा निघतो. शेजारी सीतेची आसवं, मातीत कस नाही म्हणून बारीक किडे खाऊन जगणारी वनस्पती! आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर मुरूम, मधेमधे चुनखडी, पाणी टिकतच नाही. तिथं कुसळी, पवन्या ही गवतंच शोभतात, पँटला कुसळं चिकटली की कळतं. फुलांसाठी कासच, पण मला विचाराल तर ऑक्टोबरातला सोनेरी माळ जास्त आवडतो, गर्दीही नसते.