चकाकत्या रंगाखालची पुट्टी : जुनी पद्मिनी दुरुस्तीला देताना झालेली फसवणूक

माझ्या वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी गेली कित्येक वर्षे कोल्हापूरच्या घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. वडील गेल्यावर ती पुण्याला आणून पुन्हा रस्त्यावर आणायचे मी ठरवले, आणि त्या कामात माझे २ लाख १० हजार रुपये व गाडीचे काही मूळ भाग गेले. जुन्या गाड्यांची हौस असणाऱ्या आणखी कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून घडले ते तसेच लिहीत आहे.

ज्याच्याकडे मी गाडी दुरुस्तीला दिली, त्या कारागिराची ओळख रविवारी सकाळी जुन्या गाड्या घेऊन जमणाऱ्या मंडळींमध्ये झाली. त्याने सोबत आणलेल्या दोन गाड्यांचा रंग आरशासारखा होता, सगळे त्याला नावाने हाक मारत होते, आणि एवढ्यावरच मी विश्वास टाकला. त्या गाड्यांच्या मालकांना मी काहीच विचारले नाही. त्यांपैकी एकीला त्याने केवळ पॉलिश केले होते, हे मला वर्षभराने तिच्या मालकाकडून कळले.

पद्मिनीला वेगळी चासी नसते. मूळ फियाट ११००प्रमाणेच तिची बॉडी हाच तिचा सांगाडा असल्यामुळे दाराखालच्या पट्ट्या आणि पायाखालचा पत्रा यांवर सगळ्या गाडीचे बळ असते, आणि तिथला पत्रा सडला असेल तर तो कापून नवा वेल्ड करण्याला पर्याय नसतो. हेच काम करायचे ठरले होते. कापलेला पत्रा, नवी पट्टी, वेल्डिंग असे फोटो दर आठवड्याला येत आणि प्रत्येक फोटोमागून पैशांची मागणी येई. त्यातल्या एका फोटोत गिअरचा दांडा खाली फ्लोअरवर होता. माझ्या गाडीचा गिअर स्टिअरिंगलगत आहे. फोटो दुसऱ्याच गाडीचा होता, पण माझे सारे लक्ष नव्या पत्र्याकडे असल्यामुळे ते माझ्या ध्यानात आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मडगार्ड रुंद करून घ्या, आरटीओचे मी पाहतो, असाही आग्रह त्याने धरला होता. नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले आहे, हे ठाऊक असल्याने तेवढे मी टाळले.

गाडी मार्चमध्ये मिळाली तेव्हा पाहणारे थांबून पाहत. जुलैत दारांच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले आणि पायाखालच्या मॅटखाली पाणी साचू लागले. साधे लोहचुंबक लावून पाहिले, तर दाराखाली हातभर लांबीत ते कुठेच चिकटेना. दुसऱ्या कारागिराने तो भाग खरवडला तेव्हा बोटभर जाडीची पुट्टी, तिच्या आत तारेची जाळी आणि त्यामागे हाताने चुरडला जाणारा जुनाच पत्रा निघाला. जॅक लावताच तो पट्टीत आत घुसला. अशा गाडीत मी माझ्या मुलांना बसवून कोल्हापूरला नेऊन आणले होते.

पुढे लक्षात आले की क्रोमचा मूळ बंपर आणि दारांच्या मुठीही बदललेल्या आहेत. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली असल्याने मूळ भागांना चांगली किंमत येते. म्हणून गाडी देताना प्रत्येक भागाचा फोटो काढून लेखी यादीवर कारागिराची सही घ्यावी, आणि प्रायमर लावण्याआधी, पत्रा उघडा असतानाच, स्वतः जाऊन काम पाहावे. मी दोन्ही केले नाही.

जाब विचारल्यावर त्याने आधी पावसाला दोष दिला, मग फोन उचलणे बंद केले. पक्के बिल नव्हते. यूपीआयने दिलेल्या १ लाख ३५ हजारांची नोंद आहे, रोख दिलेल्या ७५ हजारांचा काहीच पुरावा नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क पडत नाही. खरवडलेल्या भागाचे फोटो आणि तज्ज्ञाचा लेखी अहवाल जोडून मी जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली आहे. गाडी आता दुसऱ्या कारागिराकडे आहे. दर शनिवारी मी तिथे जातो, आणि डाव्या बाजूची जुनी पट्टी पूर्ण कापलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.