ओस्लोची मेट्रो लाइन १: वर मेट्रोने, खाली स्लेजवर

१९५२चं हिवाळी ऑलिंपिक ओस्लोत झालं, आणि राजधानीत भरलेलं ते पहिलंच. त्यातलं आज पर्यटकाच्या सर्वांत कामाचं काय उरलंय? होल्मेनकोलेनची स्की-उडीची टेकडी नव्हे. ती २०१०मध्ये नव्याने बांधली गेली. कामाचा आहे तो कोर्केट्रेक्केरेन, म्हणजे फ्रोग्नेरसेतेरेनहून मित्स्टुएनपर्यंतचा स्लेजचा उतार. तेव्हा बॉबस्लेच्या (बर्फाळ, वळणदार मार्गावरून सुसाट उतरणाऱ्या स्लेजगाड्यांच्या) शर्यती याच डोंगरावर झाल्या होत्या.

लांबी सुमारे २ किलोमीटर, उंचीतला फरक २५५ मीटर, खाली यायला ८-१० मिनिटं. परत वर न्यायला लिफ्ट नाही. ते काम मेट्रो करते. मित्स्टुएनला चढायचं, फ्रोग्नेरसेतेरेन या शेवटच्या स्थानकापर्यंत जायचं, पुन्हा स्लेजवर बसायचं. शहराच्या मध्यातून वर पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो आणि सगळा प्रवास तिकिटाच्या झोन १मध्येच होतो. एकेरी तिकिटाची मुदत मर्यादित असते, त्यामुळे दोनतीन फेऱ्या मारायच्या असतील तर २४ तासांचं तिकीट घ्या. ते गाडीत बसण्याआधीच घ्यावं लागतं. स्थानकांवर फाटकं नाहीत म्हणून कुणी विचारणार नाही असं समजू नका. तपासनीस येतात आणि दंड जबर असतो.

या लाइनची खोड म्हणजे आखूड फलाट. काही स्थानकांवर मागच्या डब्याची दारं उघडत नाहीत, म्हणून स्लेज घेऊन पुढच्या डब्यांतच चढा. रविवारी दुपारी स्लेज, स्की आणि बाबागाड्या एकाच दारात अडकतात. शक्यतो सकाळी जा.

स्लेज आणि हेल्मेट वरच भाड्याने मिळतात. हेल्मेट घ्याच, कारण बर्फ एकदा वितळून पुन्हा गोठला की उताराची काच होते आणि वळणावर स्लेज थेट कडेला जाऊन आदळते. पाय पुढे ठेवून बसा आणि वळण येण्याआधीच दोन्ही टाचा रोवा. वळणात शिरल्यावर ब्रेक लावला तर स्लेज आडवी होते. पडलात तर आधी बाजूला व्हा, टोपी नंतर शोधा. उतारावरून चालत वर येऊ नका. जीन्स भिजते, ती नकोच. बर्फ नैसर्गिक असल्याने उबदार आठवड्यात उतार बंद असू शकतो. निघण्यापूर्वी स्थिती बघा.

स्कीचं म्युझियम आणि स्की-उडीच्या टेकडीचा मनोरा होल्मेनकोलेन स्थानकापासून चढावर १० मिनिटांवर आहे. हवा स्वच्छ असेल तरच मनोऱ्याचे पैसे वसूल होतात. मार्चमध्ये स्कीच्या विश्वचषकाच्या दिवशी मात्र स्लेजचा बेत नकोच, गाड्या खचाखच भरतात.