पहिला 'खरा' पीस: जी मेजर मिन्युएट की सी मेजर प्रील्यूड?

पियानोची सुरुवातीची पुस्तकं उरकली की हे दोन पीस (रचना) हमखास समोर येतात. संगीतकार योहान सेबास्टियान बाखची पत्नी ॲना माग्डालेना हिच्या 1725 च्या वहीतला मिन्युएट (नाचाच्या चालीचा छोटा पीस), आणि 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर' या संग्रहाच्या पहिल्या खंडाची (1722) सुरुवात करणारा बाखचा प्रील्यूड. मिन्युएटही पूर्वी बाखच्याच नावावर खपायचा. तो खरा क्रिस्टियान पेट्झोल्डचा. जुन्या पुस्तकात बाखचं नाव दिसलं तरी पीस तोच.

मी दोन्ही बसवले आहेत. नोटेशन (लिहिलेले स्वर) पाहून विचाराल, तर प्रील्यूड सोपा वाटेल. दोन्ही हातांना एकाच वेळी वेगळं काही करायचं नाही. डाव्याचे दोन स्वर, मग उजव्याचे तीन, आणि बत्तिसाव्या बारपर्यंत (बार म्हणजे नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधलं एक घर) तीच नक्षी प्रत्येक बारमध्ये दोनदा. सरावालाही सोयीचा: बारचे पाचही स्वर एकदम दाबून कॉर्ड म्हणून वाजवायचे, हात जागेवर बसला की सुटे करायचे. शिवाय ऐकणाऱ्याला तुम्ही आहात त्यापेक्षा बरेच पुढे गेलेले वाटता, हाही मोह कमी नाही.

मिन्युएट याच्या उलट. पहिल्याच दिवशी दात दाखवतो. उजवा हात धावतो तेव्हा डाव्याला स्वर धरून ठेवायचा असतो, तिसऱ्या बारमध्येच उजव्या हाताची जागा बदलते, उत्तरार्धात सी शार्प (सीच्या लगेच उजवीकडची काळी पट्टी) येतो. दोन हात जुळेपर्यंत चिडचिड होते, हे नाकारत नाही.

तरी माझा कौल मिन्युएटला, आणि त्याचं कारण एकच: प्रील्यूडमध्ये माणूस हरवतो. सगळे बार एकाच चालीचे, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. बोट घसरलं की पुन्हा कुठून उचलायचं ते कळत नाही, म्हणून हात आपसूक पहिल्या बारवर जातो. परिणामी सुरुवात घासूनपुसून लख्ख, आणि विसाव्या बारनंतरचं सगळं कच्चं. नेमकं तिथेच डाव्या हाताला आधी एफ शार्प आणि पुढच्याच बारमध्ये ए फ्लॅट (एच्या लगेच डावीकडची काळी पट्टी). त्यात एखादा अंगठा जरा जड पडला की तो एकटाच ठणकन ऐकू येतो. स्वर लांबवणाऱ्या पायाच्या पेडलने थोडं झाकलं जातं, सुधारत नाही.

मिन्युएटचे आठ-आठ बारचे चार तुकडे सरळ दिसतात. कुठेही अडलात तरी त्या तुकड्याच्या तोंडाशी येऊन पुन्हा निघता येतं, आज फक्त तिसराच तुकडा घेतला असंही चालतं. अवघड आहे ते आधीच भेटतं, नंतर पीस तुमचा होतो. कदाचित ज्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे त्यांना हा फरक एवढा जाणवणार नाही.

प्रील्यूडच हवा असेल तर शेवटाकडून बसवा. चोविसाव्या बारपासून सलग आठ बार डाव्या हाताचा तळाचा स्वर जीच राहतो, त्यामुळे तो भाग आधी पक्का करणं दिसतं तितकं कठीण नाही. मग मागे सरकत या. तुमच्या प्रतीत 35 ऐवजी 36 बार असतील, तर बाविसाव्यानंतरचा बार मागाहून घुसडलेला आहे. तो गाळा आणि पुढची मोजणी एकाने कमी करा.