‘कुत्रं चालतं की!’ म्हणणारा घरमालक

लातूरहून छत्रपती संभाजीनगरला बदली झाली तेव्हा सामानापेक्षा जास्त घोर बंड्याचा होता. गावठी कुत्रं, सारखं बायकोच्या पायात पायात. नोकरी वाळूजला, पण मुलीच्या शाळेसाठी घर शहरात हवं होतं, आणि किराया आठ हजारांच्या वर झेपणारा नव्हता. गारखेडा, उल्कानगरी, सिडको, जिथं फोन करावा तिथं आधी ‘कोण लोक तुम्ही?’, मग ‘नॉनव्हेज खाता का?’ यातून पार पडलं की कुत्र्याचं नाव काढताच फोन कट. एका काकूंनी तर ‘गावाकडं सोडून या ना त्याला’ असं अगदी मायेनं सुचवलं.

मग शहरातल्याच सातारा परिसर भागातला वन बीएचके दिसला. किराया 7,500, डिपॉझिट 30,000. मालक म्हणवणारा माणूस पस्तिशीचा, बोलायला गोड. खिशातली किल्ली काढून कुलूप उघडलं, बंड्याचा कान खाजवला आणि म्हणाला, “चालतं की! आमच्याकडं पण होतं. सोसायटीवाले काही म्हणले तर मला सांगा दादा, ठराव करून कुत्री बंद करता येत नाहीत त्यांना.” हे खरंही आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात. त्याचं बहुतेक बोलणं असं खरंच असायचं, त्यामुळं खोटं त्यात बेमालूम खपून जायचं.

लाईट बिलावर एका बाईचं नाव होतं. “सासूबाईंचं आहे, नाव बदलायचं राहिलंय.” 20,000 रोख घेतले, 10,000 मोबाईलवरून, तेही ‘भावाच्या’ नंबरवर. वर कुत्र्यापोटी वेगळे 5,000, घर सोडताना परत मिळणारे म्हणे. करारनामा 500 च्या स्टॅम्पवर, खाली नोटरीचा गोल शिक्का. रजिस्टर करू म्हटलं तर हसला. “अकरा महिन्यांसाठी कशाला खर्च? सगळे असंच करतात.”

पडदेही लागले नव्हते, तोच पुण्याहून खरी मालकीण दारात उभी. हा बहाद्दर तिचा किरायदार! तिचाही किराया थकवून, किल्ली स्वतःकडंच ठेवून आम्हाला घर देऊन गेला होता. आधी ती आमच्यावरच उखडली, “माझ्या घरात कुत्रं?” कागद बघितल्यावर मवाळ झाली आणि महिनाअखेरपर्यंत राहू दिलं. तेवढी माणुसकी दाखवली, नाहीतर सामान घेऊन कुठं जाणार होतो?

कुत्रं असलेला माणूस दहा ठिकाणी नकार ऐकून आलेला असतो. तो घासाघीस करत नाही, फार प्रश्न विचारत नाही आणि घर हातचं जाऊ नये म्हणून लगेच पैसे काढतो. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून जो पटकन ‘चालतं’ म्हणेल, त्याच्याकडं कागद जास्त मागा.

अकरा महिन्यांची सूट वगैरे काही नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदणी ऑनलाइन होते, दोन्ही बाजूंचा आधारवर अंगठा लागतो, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. असले लोक अंगठा द्यायच्या वेळीच गायब होतात. घराच्या इंडेक्स टूची (खरेदीखताच्या नोंदीचा सरकारी उतारा) किंवा मालमत्ता कराच्या पावतीची प्रत मागा. त्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि पैसे घेणाऱ्या खात्याचं नाव जुळलं पाहिजे. सासू, भाऊ, मेहुणा आला की थांबा. शेजारच्या दारावर टकटक करून मालक कोण एवढं तरी विचाराच.

मोबाईलवरून पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढं सरकायच्या आत बँकेला ती गोठवता येते. आमची सरकली होती. रोख रकमेचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. तपास चालू आहे, एवढंच उत्तर मिळतं.

आता हर्सूलला राहतो. किराया बजेटच्या वर आहे, पण करार नोंदलेला आहे आणि त्यात ‘एक पाळीव कुत्रा ठेवण्यास मालकाची संमती आहे’ ही ओळ आम्ही आग्रहानं घालून घेतली. सोसायटीला कुत्री बंद करता येत नसली तरी घर ज्याचं, त्याची संमती वेगळी लागते. मालकांनी बंड्याचं रेबीज लसीचं कार्ड मागितलं आणि झेरॉक्स काढून कराराच्या फाईलला लावलं.